हार नकोत, एक खोली द्या!

आमच्या इमारतीच्या गच्चीवर २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात एक सत्कार झाला. सत्कारमूर्तीचे वय वर्षे चौदा. बुद्धिबळाच्या एका वयोगटाच्या स्पर्धेत तो पहिला आला होता, आणि नेमक्या त्याच सुमारास नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकल्यामुळे साऱ्या महाराष्ट्राला बुद्धिबळाचा उमाळा आला होता. एरवी त्या पोराला कोणी विचारले नसते. गच्चीवर कनाती लागल्या, खुर्च्या आल्या, ध्वनिक्षेपक आला. व्यासपीठावर नऊ माणसे बसली. त्यांतल्या आठ जणांना घोडा कसा चालतो हे ठाऊक नव्हते; नववा म्हणजे मी. ते आठही जण बोलले. एकाने मुलाला 'डोंबिवलीचा विश्वनाथन आनंद' केले, दुसऱ्याने 'कल्याण तालुक्याचा गुकेश'. तिसऱ्याने हा खेळ महाभारतापासून चालत आल्याचे ठासून सांगितले आणि मुलाला अभिमन्यूची उपमा दिली. अभिमन्यूचे पुढे काय झाले ते त्या गृहस्थांना ऐन वेळी आठवले नसावे.

मुलगा मधल्या खुर्चीवर शाल पांघरून घामाघूम बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्याचा ठाण्याला डाव होता. साडेदहा वाजले तरी भाषणे संपेनात, तेव्हा तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आजोबा, मी झोपायला गेलो तर चालेल का?"

मी 'चालेल' म्हणालो खरा, पण ते चालले नाही. कारण त्याच्या हातून केक कापायचा राहिला होता. आता मी त्या केकचा सूड घ्यायला बसलो आहे असे कोणी समजू नये. मला भांडायचे आहे ते सत्कार करणाऱ्या माणसांशी. आणि वाचकहो, ती माणसे म्हणजे तुम्ही-आम्हीच. त्या व्यासपीठावर हार घालून मीही बसलो होतो.

मुलाचे नाव मी येथे देत नाही. चौदा वर्षांच्या पोराचे नाव छापायला आपण भारी उतावीळ असतो. छापले की त्याच्या डोक्यावर एक ओझे बसते. आपल्या डोक्यावर काहीच बसत नाही. तो माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. वडील फोर्टात एका कचेरीत आहेत, आई घरी शिकवण्या घेते, एक धाकटी बहीण आहे. मी टपाल खात्यात चौतीस वर्षे काढली आणि त्यातली निम्मी डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत, मांडीवर छोटा पट ठेवून, शेजाऱ्याशी डाव खेळण्यात घालवली. त्या गाडीत तेव्हा मांडी ठेवण्याइतकी जागा असे. तर असा मी ह्या मुलाचा पहिला मास्तर. सहाव्या वर्षी मी त्याला उंट आणि हत्ती ओळखायला शिकवले. नवव्या वर्षी त्याने मला हरवले. मी ते हसत हसत घेतले असे मी चारचौघांत सांगतो. ते साफ खोटे आहे. त्या रात्री मी तो डाव पुन्हा मांडून बसलो, आणि चौदाव्या खेळीला त्याने जे प्यादे सोडून दिले होते ते चुकून दिले नव्हते, मला खायला म्हणून दिले होते, हे मला दीड वाजता उमगले.

तेव्हापासून असे मूल वाढवणे म्हणजे काय असते ते मी जवळून पाहतो आहे. आणि माझी तक्रार अशी की आपले गाव अशा मुलाला लॉटरीच्या तिकिटासारखे वागवते. तिकीट आईबापांनी काढायचे. पैसे त्यांचे, रजा त्यांच्या, जागरणे त्यांची. नंबर लागला नाही तर 'नसत्या भानगडीत कशाला पडलात?' असे आपण विचारायचे. लागला तर गच्चीवर कनाती ठोकून बक्षीस आपल्या नावावर लावून घ्यायचे. ह्याला आपण गावाचा अभिमान म्हणतो. मराठीत ह्यासाठी जुना शब्द आहे: आयत्या बिळावर नागोबा.

ह्या नागोबांचे आवडते वाक्य म्हणजे 'ती दैवी देणगी असते हो!' मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे पुढचे. फार सोयीचे वाक्य आहे ते. देणगी देवाने दिली म्हटले की आपण काही द्यायचे उरतच नाही. पण बुद्धिबळाचा ग्रँडमास्तर पाळण्यात कसा होतो ते एकदा नीट पाहावे. त्या किताबाला गुणांकन २५०० पर्यंत चढवावे लागते आणि त्याशिवाय तीन 'नॉर्म' मिळवावे लागतात. एक नॉर्म म्हणजे बहुधा नऊ डावांची स्पर्धा. तीत २६०० च्या तोडीचा खेळ दाखवायचा, समोरच्यांपैकी निदान एकतृतीयांश ग्रँडमास्तर पाहिजेत, आणि परदेशचे खेळाडूही पाहिजेत. ते ग्रँडमास्तर आणि ते परदेशी खेळाडू काही आमच्या पाथर्लीत येऊन राहत नाहीत. पोराने त्यांच्याकडे जायचे. हंगेरीत, स्पेनमध्ये, सर्बियात. चौदा वर्षांचे पोर एकटे जात नाही, म्हणजे तिकिटे दोन. शिवाय राहणे, प्रवेश फी, शिकवणाऱ्याचा तासाचा दर. नॉर्म हुकला तर हे सगळे पुन्हा. देवाने दिलेल्या देणगीचा एवढा खर्च कोणी सांगितला नव्हता, असे मुलाचे वडील एकदा मला जिन्यात म्हणाले, आणि हसले.

आता आपले अलीकडचे मोठे खेळाडू पाहा. गुकेश २०२४ च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी, सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून जगज्जेता झाला. त्याचे वडील कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. मुलाबरोबर जगभर हिंडायला त्यांनी व्यवसाय बाजूला ठेवला आणि घर आईच्या पगारावर चालले. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. नाशिकचा विदित गुजराथी, त्याचेही आईवडील वैद्यकीय व्यवसायातले. ह्या मंडळींनी केलेला त्याग मी लहान करीत नाही. स्वतःचा चालता दवाखाना बंद करणे ही चेष्टा नव्हे. पण दवाखाना बंद करायला आधी दवाखाना असावा लागतो. ज्याला वर्षाच्या मोजक्या रजा आहेत, ज्याची सकाळची गाडी ठरलेली आहे आणि जो रात्री साडेआठला डब्याच्या दारातून दोन माणसांना ढकलून फलाटावर उतरतो, त्याने काय बंद करायचे? आमच्या मुलाच्या बापाने दोन वर्षांत भविष्य निर्वाह निधीतून दोनदा पैसे काढले. तो अधिक बोलत नाही आणि मी विचारीत नाही.

ह्यावर कोणी तरी मला प्रज्ञानंदचे उदाहरण देईल, आणि द्यावे. त्याचे वडील बँकेत नोकरी करणारे. आई स्पर्धांना बरोबर जाते तेव्हा परमुलखात भात शिजवायचे भांडे घेऊन जाते. म्हणजे आमच्यासारखेच घर. मग ते कसे जमले? कारण त्या घराच्या मागे चेन्नई शहर उभे होते. तिथल्या शाळेने रजा दिल्या आणि पाठबळ दिले. रमेश नावाचा ग्रँडमास्तर इंडियन ऑईलमधली नोकरी सोडून २००८ साली मुलांना शिकवायला बसला होता. आणि त्याच्याही आधी, फार आधी, तेथे एक खोली होती.

ह्या खोलीविषयी मला जरा सविस्तर सांगू द्या. भारताचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद १९५५ साली आंध्रातल्या एलुरूला झाले, आणि ते डी. वेंकय्या व आपले रामचंद्र सप्रे ह्या दोघांनी विभागून घेतले. म्हणजे शर्यत सुरू झाली तेव्हा मराठी माणूस सर्वांच्या पुढे होता, निदान बरोबरीने होता. १९६१ साली मद्रासचे मॅन्युएल एरन हे आपल्या देशातले पहिले आंतरराष्ट्रीय मास्तर झाले. येथपर्यंतही फारसे काही बिघडले नव्हते. पण ह्या एरन ह्यांनी १९७२ साली मद्रासला सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल ह्या सोव्हिएत जगज्जेत्याच्या नावाने एक बुद्धिबळ मंडळ काढले. जागा रशियनांची, पुस्तके रशियनांची, पट मांडलेले. कोणीही यावे आणि बसावे. तेथे झटपट डाव चालत आणि नियम असा की हरणाऱ्याने उठायचे, जिंकणाऱ्याने बसून राहायचे. तेथे एक शाळकरी पोरगा येऊ लागला. रांगेत उभे राहून पुन्हा नंबर लावायचा कंटाळा म्हणून तो हरायचेच टाळू लागला असावा! त्याचे नाव आनंद. १९८८ साली तो देशाचा पहिला ग्रँडमास्तर झाला. आपल्याकडचे पहिले, प्रवीण ठिपसे, ते व्हायला १९९७ साल उजाडले. आज तामिळनाडूतून तिसाहून अधिक ग्रँडमास्तर झाले आहेत. महाराष्ट्रातून त्याच्या निम्मेही नाहीत. तामिळ माणसाच्या कवटीत देवाने काही जादा भरले आहे काय? मी टपाल खात्यात अनेक तामिळ गृहस्थांबरोबर काम केले आहे. पत्रांची चुकीची थैली तेही उघडीत.

आणि मद्रासलाच कशाला जायचे? आपली सांगली पाहा. भाऊसाहेब पडसलगीकर नावाच्या माणसाने नूतन बुद्धिबळ मंडळ जन्मभर चालवले. वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या. येईल त्या मुलाला आणि मुलीला पटापाशी बसवले. त्या सांगलीतून भाग्यश्री साठे निघाल्या, ज्या पुढे ठिपसे झाल्या आणि ज्यांनी महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा घेतले. त्याच सांगलीतून स्वाती घाटे निघाल्या. सांगलीला हळद पिकते म्हणून खेळाडूही पिकतात असे नाही. एका माणसाने दार उघडे ठेवले होते.

'हिऱ्याला कोंदण नसले तरी तो चमकतोच' असे आमच्या गच्चीवर चौथ्या वक्त्याने सांगितले. त्यांना मी मीर सुलतान खानाची गोष्ट सांगू इच्छितो. पंजाबातला हा माणूस सर उमर हयात खान ह्या धनाढ्य सरदाराच्या आश्रयाने १९२९ साली लंडनला गेला. पाश्चात्त्य नियमांशी त्याची ओळख नुकतीच झालेली, पुस्तके त्याने वाचलेली नाहीत. आणि त्याने त्याच साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही जिंकले. हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकाला हरवले, जो तोवर जगज्जेता होऊन गेलेला होता. मग सरदारसाहेब हिंदुस्थानात परतले. त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतला आणि खेळ संपला. पुढची तीसएक वर्षे तो आपल्या शेतावर होता. १९६६ साली वारला. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्तर केले ते २०२४ साली. ह्याला म्हणतात सत्कार! अठ्ठावन्न वर्षे उशिरा, पण केला. एका आश्रयदात्याच्या मर्जीवर टांगलेली बुद्धी त्याच्या बोटीबरोबर परत जाते. आणि आपण आज जे 'प्रायोजक मिळेल हो' म्हणून आईबापांना आशा दाखवतो, ते त्याच बोटीचे तिकीट आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. म्हणजे 'आधी दहावी' पक्षाकडे. हा पक्ष आमच्या डोंबिवलीत फार प्रबळ आहे, आणि खरे सांगायचे तर मी त्याचा अर्धा सभासद आहे. मुलाच्या बापाने एका रात्री वर येऊन मला विचारले, "काका, गुकेशने चौथीनंतर रोजची शाळा सोडली. आम्हीही सोडवावी का?" मी म्हणालो, मुळीच नाही. गुकेशने शाळा सोडली तेव्हा त्याच्या पुढे दुसरे काही उभे होते: पूर्णवेळ बाप, समजूतदार शाळा, रोजचा मास्तर. आपण त्यातली फक्त शाळा सोडणार. बाकीचे तीन कोठून आणणार? शिवाय त्या एका गुकेशामागे किती पोरांनी शाळा सोडली आणि ती आज कोठे आहेत, ह्याची नावे गच्चीवर कोणी वाचत नाही.

पण ह्या पक्षाच्या उरलेल्या अर्ध्याशी माझे भांडण आहे. त्यांना वाटते, बुद्धिबळ हा अभ्यासाचा शत्रू आणि दोहोंतून एक निवडलाच पाहिजे. अमेरिकेतल्या सॅम्युएल रेशेव्हस्कीचे चरित्र पाहावे. हा पोलंडात १९११ साली जन्मला. आठ वर्षांचा असताना दाढीवाल्या म्हाताऱ्यांच्या रांगेपुढून फिरत एकाच वेळी वीस-वीस डाव खेळे. आईबापांनी त्याला गावोगाव मिरवले, अमेरिकेला नेले, शाळेचे नाव नाही. शेवटी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने आईबापांनाच उभे केले. मग एका उदार गृहस्थाने शिक्षणाची सोय केली. पोराने बरीच वर्षे खेळ जवळजवळ बाजूला ठेवला आणि १९३४ साली शिकागो विद्यापीठातून हिशेबशास्त्राची पदवी घेतली. हिशेबनीस झाला, अगदी आपल्या डोंबिवलीकरांच्या मनासारखा! आणि १९३६ साली अमेरिकेचा अजिंक्यवीर झाला; १९४८ साली जगज्जेतेपदाच्या पाच उमेदवारांत बसला. शाळेने त्याचे काही बिघडवले नाही. मिरवणुकीने बिघडवले असते. माझ्या पोरालाही सकाळी बीजगणित आणि संध्याकाळी डाव हे दोन्ही जमेल. पण संध्याकाळी डाव खेळायला त्याच्या तोडीची चार माणसे चालत जाण्याच्या अंतरावर पाहिजेत. ती नाहीत म्हणून तो रात्री अकरापर्यंत मोबाईलच्या पडद्यावर कोठल्या तरी परक्या माणसाशी खेळतो, आणि मग सकाळी बीजगणिताला पेंगतो. तेव्हा 'आधी दहावी'वाले म्हणतात, पाहा, बुद्धिबळाने वाया गेला!

येथवर मी मुलाबद्दलच बोलतो आहे, हे एखाद्या सुज्ञ वाचकाच्या लक्षात आले असेल. त्याला एक धाकटी बहीण आहे असे मी वर एका शब्दात उरकले. आमच्या इमारतीनेही तिला तसेच उरकले आहे. ती अकरा वर्षांची आहे. भावाचे डाव बघत बघत शिकली. गेल्या मे महिन्यात मी तिच्याशी सहज म्हणून बसलो आणि बाविसाव्या खेळीला माझा वजीर गेला. मी तिच्या आईला म्हणालो, "हिलाही स्पर्धेला पाठवा." त्या काही वेळ पोळ्या लाटीत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "काका, एकाचंच कसंबसं होतंय."

ह्या एका वाक्याने मला हा लेख लिहायला लावला, केकने नव्हे. खर्च जोवर एका घराच्या चार भिंतींत आहे, तोवर त्या घराला एकच विलक्षण मूल परवडते, आणि दोहोंतून कोणते निवडायचे हे आपल्याकडे पंचांग न पाहता ठरते. चेन्नईच्या त्या बँकेतल्या गृहस्थांच्या घरी काय झाले? तेथे आधी शिकली ती थोरली वैशाली; तिला टीव्हीपासून उठवायला म्हणून पटापाशी बसवले होते. धाकटा प्रज्ञानंद तिचे पाहून शिकला. आज दोघेही ग्रँडमास्तर आहेत; जगात अशी बहीणभावांची जोडी त्यांच्याआधी नव्हती. तेथेही दोघांचा खर्च झेपेना अशी वेळ आलीच होती. पण शहर हातभार लावायला तयार होते, म्हणून मुलीला उठवावे लागले नाही.

आपल्याकडेही मुली काही आज खेळू लागलेल्या नाहीत. गिरगावच्या खाडिलकर भगिनींनी महिलांचे पहिले तीन राष्ट्रीय अजिंक्यपद घरातच ठेवले: १९७४ साली वासंती, १९७५ साली जयश्री, १९७६ साली रोहिणी. रोहिणी त्या वेळी तेरा वर्षांची होती. त्याच साली ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि तिने माजी राष्ट्रीय विजेते रुसी मदन ह्यांना हरवले. केवढा गहजब झाला! मुलीने पुरुषांत बसावे की नाही ह्यावर मोठमोठी माणसे वाद घालू लागली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे ह्यांनी निर्णय दिला की मुलींना अशी मनाई करता येणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या बाजूने हे सर्व लढले कोण? तिचे वडील, नीळकंठ खाडिलकर. त्यांच्या हातात 'नवाकाळ' होता. ज्या बापाच्या हातात वर्तमानपत्र नाही, फक्त रेल्वेचा पास आहे, त्याच्या मुलीने काय करायचे? आणि हे जुने म्हणून सोडू नका. २०२४ च्या जानेवारीत, नेदरलंड्समधली स्पर्धा आटोपल्यावर, अठरा वर्षांच्या दिव्याने जाहीर लिहिले की प्रेक्षक तिच्या डावांकडे पाहत नाहीत. कपडे, केस, बोलण्याची ढब ह्यांवरच बोलतात. दीड वर्षाने बाटुमीला अंतिम सामन्यात तिने कोनेरू हम्पीला हरवले आणि एकही नॉर्म हातात नसताना ती थेट ग्रँडमास्तर झाली, देशातली अठ्ठ्याऐंशीवी. तेव्हा मात्र तेच प्रेक्षक हार घेऊन धावले. राज्य सरकारने तिला तीन कोटी रुपये दिले. चांगले केले, तिने ते कमावलेले आहेत. पण बाटुमीहून परतलेल्या मुलीला दिलेला पैसा डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईंच्या उपयोगी पडत नाही.

म्हणून मी म्हणतो, एक खोली द्या. प्रबोधिनी नको, अकादमी नको, संकुल तर नकोच. संकुल म्हटले की आधी भूमिपूजन आणि मग दहा वर्षे पत्र्याचे कुंपण. एक खोली. बारा पट, सहा घड्याळे, नऊपर्यंत दिवा, आणि किल्ली सांभाळणारा एक माणूस. तो मी होतो. आमच्या शहरांत संध्याकाळी सहानंतर शाळांचे किती वर्ग कुलूपबंद असतात ते मोजायला फार दूर जावे लागत नाही. बाक आहेत, फळा आहे, पंखा आहे. पंखा फिरत नाही, पण आहे. अशा एका वर्गासाठी मी एका कचेरीत अर्ज केला. तेथल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "ह्यातून ग्रँडमास्तर निघेल ह्याची हमी काय?"

त्यांना मी तेव्हा काही बोललो नाही. मला अशी उत्तरे जिना उतरल्यावर सुचतात. आगगाडी कल्याणला पोचून जेमतेम दहा वर्षे झाली होती तेव्हा, १८६४ साली, कल्याणकरांनी सार्वजनिक वाचनालय काढले. ठाणेकरांनी १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. त्या वेळी त्यांना कोणी विचारले होते काय, की ह्यातून हरिभाऊ आपटे किती निघतील? लोक येतील, बसतील, वाचतील, एवढाच त्यांचा हिशेब होता. दोन्ही संस्था आजही उभ्या आहेत. तेथे आयुष्यभर वाचणाऱ्या हजारो माणसांतून लेखक थोडेच झाले. बाकीचे नुसते वाचक झाले, आणि त्यांचे काही वाईट झालेले माझ्या पाहण्यात नाही. मी स्वतः चौतीस वर्षे गाडीत बुद्धिबळ खेळलो, ग्रँडमास्तर झालो नाही. माझी गाडी मात्र कधी लांबल्यासारखी वाटली नाही.

'रस्त्यांत खड्डे आहेत, पाणी एक दिवसाआड येते, आणि तुम्हांला बुद्धिबळ सुचते!' असे म्हणणारेही आहेत. हा आक्षेप मला खरोखरच मान्य आहे. खड्डे आधी बुजवा. मी वाट पाहायला तयार आहे. पण मग त्याच खड्ड्यांतून वाट काढत येऊन कनाती कशा ठोकल्या जातात, तेही समजावून सांगा. त्या रात्री हार, शाली, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि तो केक ह्यांचे बिल किती झाले ते मी चिटणिसांना विचारले. त्या रकमेत बारा पट येऊन घड्याळांपुरते पैसे उरले असते. चिटणीस म्हणाले, "अहो, पण पटाबरोबर फोटो कसा निघणार?"

डोंबिवलीकरांना एकत्र यायला सरकार लागत नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जी तरुण मुलांची गर्दी लोटते तिला कोणी निमंत्रणपत्रिका छापीत नाही. गुढीपाडव्याची जी स्वागतयात्रा आज गावोगाव निघते ती १९९९ साली आमच्याच गावाने सुरू केली. म्हणून मी हे डोंबिवलीकरांना लिहितो आहे. अर्ज मागाहून पुन्हा करीनच.

तूर्त आमचे मंडळ तिसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर भरते. रविवारी दुपारी चार ते सहा. तेथे दिवा चांगला आहे. सात मुले येतात, त्यांत तीन मुली. तो मुलगा स्पर्धा नसेल तेव्हा लहानांना शिकवायला येतो आणि माझ्यापेक्षा बरा शिकवतो, रागावत नाही. त्याची बहीण आली की माझ्यासमोरच बसते, आणि मला ते आवडत नाही. कोणाचे सामान वर चढू लागले की सगळ्यांनी पट उचलून भिंतीशी उभे राहायचे असते. अशा वेळी मोहरे कोठे होते ह्यावरून भांडणे होतात, पण पोरांना ती घरे पाठ असतात आणि मला नसतात. पट तीन आहेत. त्यांतल्या एकातला काळा उंट हरवला आहे. त्याच्या जागी आम्ही औषधाच्या बाटलीचे बूच ठेवतो.